रविवारच्या पुरवणीतला काळा डाग

मा. संपादक, स. न.

कालच्या पुरवणीतला कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल यांच्यावरचा लेख चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. तक्रार लेखकाबद्दल नाही. लेखाशेजारी जे छापलं आहे त्याबद्दल आहे.

लेखक दुसऱ्याच परिच्छेदात सांगतात, की मार्शल यांच्या माणसांच्या अंगावर निळसर, हिरवट, तपकिरी असे वेगवेगळे काळे नांदतात आणि नीट पाहिलं की गाल, मान, कोपर उलगडत जातात. वाचक मोठ्या आशेने शेजारी बघतो, तर त्यांच्या ब्यूटी पार्लरच्या चित्राच्या जागी चार कॉलमांत डांबर सांडलेलं. त्यात दात, डोळ्यांतलं पांढरं आणि कपडे तेवढे तरंगताहेत.

आता मार्शल यांचं १९८० चं ते छोटं चित्र, आठ इंच बाय साडेसहा, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचं, त्यात माणूस अंधारात मुरलेला असणं ठीक आहे. गोऱ्यांच्या देशात काळा माणूस समोर असून नसल्यासारखा, हेच त्या चित्राचं म्हणणं. पण नंतरची चाळीसहून जास्त वर्षं त्यांचा खटाटोप निराळा आहे. काळा एक कणही सौम्य करायचा नाही, आणि तरी त्यातला माणूस पूर्ण दिसला पाहिजे. न्हाव्याच्या दुकानात, सहलीला, ब्यूटी पार्लरमध्ये, त्याच्या स्वतःच्या जागी. आपल्या छापखान्याने एका रात्रीत त्यांना १९८० ला परत नेऊन सोडलं.

‘न्यूजप्रिंटवर, म्हणजे वृत्तपत्राच्या कागदावर, एवढंच येतं’ हे उत्तर येणार, म्हणून ते आधीच खोडतो. मार्शल तीन काळ्यांपासून सुरुवात करतात : जाळलेल्या हाडांचा आयव्हरी ब्लॅक, लोखंडाच्या ऑक्साइडचा मार्स ब्लॅक आणि काजळीचा कार्बन ब्लॅक. मग त्यांत कोबाल्ट निळा, क्रोम ऑक्साइड हिरवा असे रंग मिसळून एखादा काळा थंड करतात, एखादा उबदार. म्हणजे एका काळ्याचा दुसऱ्याशी फरक उजळ-गडदपणापेक्षा छटेत जास्त. आपल्या डेस्कवर सगळे फोटो एकाच ठरलेल्या सेटिंगने सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळी, किरमिजी, पिवळी, काळी या चार शायांत, जातात, आणि त्यात जीसीआर नावाची सोय जोरात ठेवलेला असणार, कारण शाई वाचते. जीसीआर करतो काय, तर गडद भागातून निळी, किरमिजी, पिवळी शाई काढून घेतो आणि तिथे काळी भरतो. नेत्यांच्या जाकिटांना हे चालतं. इथे मात्र जी छटा टिकवायची तीच पुसली जाते. निळसर काळा आणि तपकिरी काळा दोघेही ९५ टक्के ‘के’, म्हणजे नुसती काळी शाई, होऊन बसतात.

त्यावर शाईचा ठिपका कागदात पसरून फुगण्याची भर. वृत्तपत्राच्या कोल्डसेट छपाईत फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर साधारण ७६ टक्क्यांचा होतो. ८५ च्या पुढचा तर भरूनच जातो. आर्ट पेपरवर काळ्याचं एल मूल्य, म्हणजे उजळपणाचं माप (० गच्च काळा, १०० पांढरा), १६ पर्यंत उतरतं, न्यूजप्रिंटवर ३६ च्या आसपास अडतं, आणि कागद स्वतःच ८२ चा, मळका. एवढ्याशा जागेत चित्राचा सगळा काळोख बसवायचा आहे. म्हणून तर हाताने काम करायचं असतं!

संग्रहालयाकडून सोळा बिटची टिफ, म्हणजे बारीक छटा शाबूत असलेली मोठी फाइल, मागवावी, वेबसाइटवरची दाबून लहान केलेली जेपेग उचलू नये. संगणक आपणहून उजळ-गडद जुळवतो त्या ऑटो लेव्हल्सला हात लावू नये. शायांत रूपांतर वृत्तपत्राच्या प्रोफाइलनेच, म्हणजे या कागदासाठी बेतलेल्या रंगकोष्टकानेच, पण या चित्रापुरता जीसीआर हलका, चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्रातला सर्वांत गडद काळा कागदाच्या सर्वांत गडद काळ्याशी जुळवणं, चालू. ते बंद राहिलं की कागदाच्या आवाक्याबाहेरचा सगळा काळोख एकाच पातळीवर कापला जातो. फाइलमध्ये त्वचेचा सर्वांत गडद भागही ‘के’ ८० ते ८५ च्या वर जाऊ देऊ नये, बाकीचं मशीन आपोआप करतं. आणि छटांमधला फरक पडद्यावर जरा भडक वाटेल इतका वाढवावा, कागदावर तो बरोबर बसतो. याचा अर्थ चेहरे उजळवा असा मुळीच नाही. नवरीच्या फोटोला लावता ते बटण इथे दाबलंत तर डांबर परवडलं म्हणायची पाळी येईल. प्रूफ मॉनिटरवर न पाहता न्यूजप्रिंटवर काढून पाहावं. मागच्या पानावर बिल्डरची गच्च काळी जाहिरात नसलेलं पान निवडावं. ती काल होती, आणि तिचा फोन नंबर चित्रातल्या बाईच्या खांद्यावर उलटा वाचता येतो.

बरं, काळ्यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागावा? आपल्याकडे काळाभोर वेगळा, काळाकुट्ट वेगळा, काळा कुळकुळीत आणखी वेगळा. चंद्रकळेचा काळा आणि घोंगडीचा काळा एकच, असं कोणा मावशीला म्हणून बघा.

दुसरं, कातर. छापलेलं ते ब्यूटी पार्लरचं चित्र २०१२ चं, मार्शल यांच्या जन्मगावी, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात असतं. साधारण चार मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच. त्यात खाली, अगदी पुढ्यात, सोनेरी केसांच्या परीकथेतल्या राजकन्येचं डोकं तिरपं ताणून रंगवलेलं आहे. कडेने पाहिलं तरच नीट दिसतं. पार्लरमधल्या बायकांचं तिकडे लक्षही नाही, एक चिमुकलं पोर तेवढं वाकून त्याच्या मागे काय आहे ते बघतंय. गोरं, सोनेरी सौंदर्य या खोलीत कुठून घुसलं, कोणाच्या नजरेला पहिलं पडतं, हे सगळं त्या खालच्या पट्टीत. आपण नेमकी तीच कापली. तिथे कोचिंग क्लासची चौकट आहे. लेखक त्या डोक्यावर अख्खा परिच्छेद लिहितात आणि वाचक ते डोकं कोचिंग क्लासच्या यशस्वी विद्यार्थ्यांत शोधतो.

जाता जाता, पान तीनवरचं अमेरिकन चित्रकार एमी शेराल्ड यांनी केलेलं मिशेल ओबामांचं २०१८ चं चित्र. त्यातली त्वचा राखाडी आहे. काळ्यात नेपल्स यलो मिसळून मुद्दाम केलेली राखाडी, जुन्या कृष्णधवल फोटोंशी नातं सांगणारी. बघणाऱ्याने वर्णाआधी माणूस पाहावा म्हणून. आपल्या ‘स्किन टोन’ दुरुस्तीने ती गव्हाळ करून ठेवली! एका चित्रकाराचा रंग बुडवला, दुसरीने काढून घेतलेला परत लावला. हिशोब जुळला म्हणायचा.

आणि ‘काळोखातून उजेडाकडे’ हा मथळा कोणी दिला? ज्या माणसाने उजेडाकडे जायला साफ नकार दिला, त्याच्या लेखाला?

आपल्या पानावर ‘दुरुस्ती’ नावाची एक चौकट असते. तिच्यात बहुधा आडनावांच्या वेलांट्या सुधारलेल्या असतात. येत्या रविवारी तिथे हे चित्र पुन्हा छापावं, दोन कॉलमांत चालेल, पण खालच्या पट्टीसकट.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली