सुरक्षा पेटीसोबत मशीनवरचा अर्धा दिवसही द्या : कामगार मंत्र्यांना एका सुताराचं खुलं पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी पुण्यात फर्निचरची कामं घेतो. नव्या सोसायट्यांमधल्या फ्लॅटमध्ये किचन ट्रॉली, वॉर्डरोब, बेड अशी कामं असतात. वडीलही सुतार. पटाशी हातात देण्याआधी त्यांनी मला ती नुसती लावायला, म्हणजे दगडावर धार काढायला बसवलं होतं. दुसरा हात धारेच्या पुढे कधीच न्यायचा नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की अजूनही पटाशी उचलली की डावा हात आपोआप मागे जातो. राऊटर, म्हणजे लाकडाला खोबण पाडायचं आणि कड मारायचं मशीन, मात्र मला कुणी शिकवला नाही. दुकानातून आणला, खोक्यातून काढला, प्लग लावला आणि काम सुरू केलं. सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, ते खोक्यातच राहिलं. माझ्या ओळखीतले बहुतेक मिस्त्री असेच शिकलेत.

काही वर्षांपूर्वी एका साइटवर माझ्या हाताखालच्या पोराची डाव्या हाताची दोन बोटं गेली. एकोणीस वर्षांचा होता, गावाकडून माझ्या भरवशावर आलेला. चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून तो प्लायची पट्टी कापत होता. पातं प्लायमध्ये आवळलं, मशीनने झटका मारला आणि ते त्याच्या हातावर आलं. ते पातं मी आणलं होतं. गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकणही मीच काढलं होतं, कारण ते असलं की पातं पुरेसं खोल जात नाही. तो आज गावी किराणा दुकानात बसतो. हे सगळं लिहिणं मला जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं मागणं खरं वाटणार नाही.

साहेब, ग्राइंडर हे लोखंड घासायचं आणि कापायचं मशीन आहे. मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतं. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला खाली सपाट पत्रा असतो, तो फळीवर टेकतो आणि पातं सरळ रेषेत राहतं. शिवाय खालचं गार्ड स्प्रिंगवर असतं, कापून झालं की ते आपोआप पात्यावर येतं. ग्राइंडरला यातलं काहीच नाही. हात जरा तिरका झाला की पातं अडकतं, आणि त्याचा खटका एकदा पुढे सरकवला की हात सुटला तरी मशीन फिरतच राहतं. तरीही हार्डवेअरच्या दुकानात हे पातं सहज मिळतं, आणि घेणाऱ्याला कुणी दोन शब्द सांगत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फरशी कापायचा कटर. तो प्लायच्या फळीखाली उलटा बांधायचा, फळीला चीर पाडून पातं वर काढायचं आणि झालं टेबल सॉ तयार. पात्यावर झाकण नाही, मागे चीर उघडी ठेवणारी पट्टी नाही. साइटवर हेच चालतं, कारण खऱ्या टेबल सॉला पैसे आणि जागा दोन्ही लागतात.

राऊटरचं मी जरा सविस्तर सांगतो. एवढ्याशा मशीनला माणूस घाबरत नाही, आणि घात तिथेच होतो. सनमायक्याची कड मारायचा लहान ट्रिमर मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला पाचशे फेरे. वरून बघितलं तर त्याचं बिट, म्हणजे लाकूड कापणारं टोक, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं. म्हणून फळी समोर ठेवून आपल्याकडची कड मारताना मशीन डावीकडून उजवीकडे न्यायचं. सिंकच्या किंवा कुठल्याही आतल्या कापाला दिशा उलटी. चुकीच्या दिशेने नेलं की बिट लाकडाला चाकासारखं धरतं आणि मशीन हातातून पळतं. ही एवढी गोष्ट मला सात-आठ वर्षं काम केल्यावर, दोन फळ्या नासवून आणि एकदा मांडीजवळून बिट गेल्यावर कळली. शिकवायला दहा मिनिटं लागतात.

बिट बसवण्याचंही तसंच. पाव इंची दांडी ६.३५ मिलिमीटरची असते आणि बाजारात ६ मिलिमीटरची बिटंही मिळतात. पातळ दांडीला टेप गुंडाळून पाव इंची कोलेटमध्ये, म्हणजे दांडी पकडणाऱ्या पकडीत, ठोकलेली मी स्वतः पाहिली आहेत. सेकंदाला पाचशे फेऱ्यांवर तसं बिट सुटलं तर ते कुठे जाईल हे कुणाच्या हातात नाही. दांडी पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायची आणि मगच आवळायची. मोठ्या व्यासाच्या बिटाला वेग कमी करायचा. खोल खोबण एका दमात न घेता तीन-चार वेळा थोडी थोडी घ्यायची. बिट बदलताना नुसता खटका बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि खटका बंद केल्यावरही बिट काही सेकंद फिरत असतं, ते थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही.

आता आपल्या खात्याशी याचा संबंध सांगतो. व्यवसायसुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना म्हणजे २० किंवा अधिक कामगार असलेला. आमच्या साइटवर आम्ही तिघे-चौघे असतो. आज या सोसायटीत, दोन महिन्यांनी दुसरीकडे. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक बंद दाराच्या फ्लॅटमध्ये येणार नाही हे मलाही समजतं. शासनाशी आमचा खरा धागा एकच आहे, तो म्हणजे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन सुतार तिथे नोंदणी करतो आणि त्याला सुरक्षा पेटी मिळते. पेटी चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती उंचावर चढणाऱ्या गवंड्याला समोर ठेवून भरलेली आहे.

हातमोज्यांचंच घ्या. विटा, सळया, पत्रे उचलायला ते हवेतच. पण राऊटर किंवा करवतीच्या मशीनवर हातमोजा घातला आणि त्याचा धागा फिरत्या पात्यात सापडला, तर तो अख्खा हात आत ओढतो. सैल बाही, गळ्यातला टॉवेल, मनगटावरचा धागा यांचंही तेच. मोजे घातले म्हणजे हात सुरक्षित असं समजून काम करणारी पोरं मी बघतो, आणि वाटतं की हे कुणीतरी पेटी देतानाच सांगायला हवं होतं.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सुतारकामासाठी नोंदणी किंवा नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येकाला मशीनवर अर्धा दिवस शिकवा. सभागृहात भाषण नको, जिल्ह्यातल्या आयटीआयच्या कार्यशाळेत घ्या. सुतार ट्रेड जिथे आहे तिथे निदेशक आहेत, बाकं आहेत, मशीनही असतील. मराठीसोबत हिंदीतही शिकवा, कारण आमच्या धंद्यात राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले कारागीर मोठ्या संख्येने आहेत आणि बोटं सगळ्यांची सारखीच. त्या दिवसाची मजुरी द्या, नाहीतर कुणी येणार नाही. मंडळाकडे बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकराचा पैसा जमा होतो, तो अशाच कामासाठी आहे.

सुताराच्या पेटीत डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा, कानाला लावायचे मफ, भुशासाठी चांगला मास्क आणि प्लगमध्ये बसणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारं उपकरण, द्या. मास्क हौसेची गोष्ट नाही. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे, आणि आम्ही बंद फ्लॅटमध्ये दिवसभर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळ्या, कापतो. आरसीसीबी कशाला, तर साइटवर प्लग तुटला की उघड्या वायरी सॉकेटच्या भोकात आगकाडी खोचून बसवतात. हे आपण कुठल्याही साइटवर जाऊन बघू शकता.

ग्राइंडरवर लाकडाचं पातं लावण्याविरुद्ध दुकानादुकानांत मराठी-हिंदी फलक लागावा, आणि त्याच्या विक्रीबाबत केंद्र सरकारकडे आपण पाठपुरावा करावा, ही दुसरी मागणी.

अर्ध्या दिवसातली शेवटची दहा मिनिटं अपघातानंतर काय करायचं यासाठी ठेवा. त्या दिवशी आम्ही पोराची बोटं थेट बर्फात टाकून नेली. ती पाण्याने धुऊन, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत बांधून मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते, हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. बर्फ थेट लागला की पेशी खराब होतात.

नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात एक तक्ता होता, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरतात, तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के. दोन बोटं गेली तर २०. त्या पोराला ओळंबा धरता येत नाही, स्क्रू पकडता येत नाही, फळी दाबून धरता येत नाही. सुतारकाम त्याचं पूर्ण गेलं.

पहिली तुकडी पुणे जिल्ह्यात घ्यायची ठरवलीत तर शिकवायला मी येईन, मानधन नको. माझं राऊटर, ट्रिमर, सर्क्युलर सॉ आणि कड मारायला लागतील तेवढे प्लायचे तुकडे सोबत आणीन. तो ग्राइंडरही आणीन. गार्ड मी पुन्हा बसवलंय.

आपला,
एक नोंदणीकृत सुतार, पुणे