घोडीच्या आईचं नाव

गोर, साउथलंड, न्यूझीलंड

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

खोंडाचा फोटो पोचला. अजून आदत आहे, दुधाचे दातही पडले नाहीत, तरी अंगात चांगला भरलाय. पाठ सरळ, खुरं काळी आणि बंद. ताईच्या टीव्हीवर मोठा करून मी आणि तुझ्या आईनं तीनदा पाहिला. पण खाली तू लिहिलं होतंस, "गिऱ्हाईक आलं होतं, शर्यतीच्या त्या नावाजलेल्या बैलाचा आहे म्हणून सांगून टाकलं." ते वाचल्यापासून मन लागत नाही. तो त्या बैलाचा आहे की नाही हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही. फोनवर बोललो असतो तर मी चिडलो असतो आणि तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहितोय.

ताईच्या घरापलीकडे एक म्हातारे शेतकरी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून दोन क्लाइड्सडेल घोड्या बाळगून आहेत. क्लाइड्सडेल म्हणजे स्कॉटलंडातला नांगराचा, ओझ्याचा घोडा. खांद्याशी साडेपाच फूट उंच, वजन सात-आठशे किलो, कपाळावर पांढरा पट्टा, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय आणि खुरावर लोंबणारी केसांची झालर. हिंदुस्थानात इंग्रज फौजेसाठी ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे यायचे, ते स्वारीचे आणि तोफा ओढायचे, अंगानं हलके. हे प्राणी त्यातले नव्हेत. याच्या शेजारी उभं राहिलं की आपला थोरला बैल वासरू वाटेल.

ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, त्यांच्या एका घोडीला शिंगरू झालं. अकरा महिने पोटात वाढवून एवढं लांब पायांचं पोर ती टाकते आणि ते तासाभरात उभं राहायची खटपट करतं. तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं. म्हाताऱ्यांनी त्याचं अंग पुसलं, नाळेला औषध लावलं, हात धुतले, घरात गेले आणि वही काढली. शिंगराला अजून नाव नव्हतं, पण वहीत तारीख, रंग, कुठला पाय किती पांढरा, बाप, आई, आईची आई एवढं लिहून झालं. चहा त्यानंतर. मी बघतच राहिलो.

मग त्यांच्या कपाटातल्या जुन्या वह्या आणि छापील वंशावळीची पुस्तकं पाहण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. त्यांचे पणजोबा स्कॉटलंडातून आलेले. १८४८ मध्ये स्कॉटिश लोकांची वसाहत ओटागो प्रांतात झाली, ड्युनेडिन वसलं, आणि तिथून ही माणसं दक्षिणेकडे सरकत आली. पहिली नांगरट बैलांनीच केली, हे ऐकून मला बरं वाटलं. पण इथं पेरणीचे दिवस थोडे, पाऊस फार, माती जड. घोडा बैलापेक्षा झपझप चालतो. शिवाय थंडीत ओट उत्तम येतो आणि ओट हेच घोड्याचं खाणं. म्हणजे शेताचा एक भाग शेत नांगरणाऱ्यासाठीच पेरायचा, आपल्या कडब्यासारखा. १९११ साली न्यूझीलंडमध्ये चार लाखांवर घोडे होते. त्यानंतर हा आकडा पुन्हा गाठला गेला नाही.

एक गोष्ट मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसूनच विचारली, आणि त्यांनी टाळली नाही. ही जमीन आधी कोणाची? न्गाई ताहू या माओरी लोकांची. हा सगळा मुरिहिकू मुलूख १८५३ मध्ये सरकारनं २,६०० पौंडांत घेतला. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाद मागितली, तेव्हा १९९८ मध्ये सरकारनं माफी मागून भरपाई दिली. घोड्याच्या सात पिढ्या लिहून ठेवणाऱ्या त्या वह्यांत पहिल्या धन्यांचं नाव कुठंच नाही. म्हातारे म्हणाले, हे आम्ही लिहायला हवं होतं. मला त्यांचा तेव्हापासून जास्त आदर वाटतो.

आता घोड्यांकडे येतो. चांगला पैदाशीचा घोडा स्कॉटलंडातून आणायचा म्हणजे महिनोन्‌महिने जहाजावर. कप्प्यात उभा, वादळात पडू नये म्हणून पोटाखालून जाड कापडाचा पट्टा. काही वाटेतच मेले. जो जिवंत उतरला त्याच्यावर गावोगावच्या घोड्यांची आशा असे. म्हणून वसंतात त्याला बरोबर घेऊन एक माणूस निघायचा. सोमवारी या गावी, मंगळवारी पुढच्या वाडीवर, शनिवारी पुन्हा घरी. आठवडाभराचा रस्ता वर्तमानपत्रात छापून यायचा. म्हाताऱ्यांनी एका पुस्तकात चिकटवलेली अशी कात्रणं मला दाखवली. घोड्याचं नाव मोठ्या अक्षरात, खाली बाप, मग आई, मग आईचा बाप, आजीचा बाप, कुठल्या प्रदर्शनात कितवा आला, दर घोडीमागे फी किती. खोटं छापलं तर पुढच्याच मुक्कामी पकडणारा कोणीतरी भेटायचा, कारण त्याच्याही घरी पुस्तक होतं.

हे पुस्तक म्हणजे स्टडबुक. स्कॉटलंडात १८७७ मध्ये क्लाइड्सडेल पाळणाऱ्यांची संस्था निघाली, पुढच्याच वर्षी पहिला खंड छापला. प्रत्येक घोड्याला नंबर. नाव सारखं असलं तरी नंबर दुसरा. प्रिन्स ऑफ वेल्स ६७३, जन्म १८६६. डार्न्ली २२२, जन्म १८७२. या दोघांच्या पोरी एकमेकांच्या पोरांना दिल्या आणि त्यातून आजचा क्लाइड्सडेल घडला. एकाची चाल, दुसऱ्याचे पाय. कोणाची पोर कोणती हे लिहिलेलं नसतं तर हा मेळ घालता आलाच नसता, जवळच्या रक्तात गुंतून वाण बिघडला असता.

पुढे डार्न्लीच्याच वंशात बॅरन ऑफ बुकलाय्व्ही नावाचा घोडा झाला. दोन भागीदार त्याच्या मालकीवरून असे भांडले की खटला लंडनच्या लॉर्ड्स सभागृहापर्यंत गेला. शेवटी १९११ मध्ये एअर गावी लिलाव झाला आणि तो ९,५०० पौंडांना गेला. तीन वर्षांनी घोडीची लाथ लागून पाय मोडला आणि त्यातच तो संपला. त्याचा सांगाडा ग्लासगोच्या केल्विन्ग्रोव्ह संग्रहालयात उभा आहे. न्यूझीलंडची स्वतःची क्लाइड्सडेल संस्थाही त्याच १९११ सालची.

पण बाळा, मोठ्या किमतीच्या घोड्यांपेक्षा मला वह्यांतल्या बारीक नोंदींनी जास्त शिकवलं. "गाभण ठरली नाही." "शिंगरू मेलेलं." "पुढच्या उजव्या पायाला साइडबोन, विकू नये, लावू नये." साइडबोन म्हणजे खुराच्या वर दोन्ही बाजूंना जी कूर्चा असते तिचं हाड होणं. म्हाताऱ्यांनी माझा अंगठा धरून दाबायला लावला. निरोगी पायाला तिथं रबरासारखं दबतं, दोष असेल तर दगड लागतो. हा दोष रक्तातून उतरतो असं त्यांच्या वाडवडिलांचं म्हणणं, म्हणून पायावर एवढी नजर. पाय गेला तर घोडा गेला. त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या घोडीबद्दल ती ओळ लिहिली आणि तिला पैदाशीतून काढलं. प्रदर्शनात पहिली आलेली घोडी. नुसती नांगराला ठेवली.

मी इतकी वर्षं गुरांच्या दवाखान्यात सरकारी रजिस्टरं भरली. कुठल्या गाईला कुठल्या वळूच्या रेताची कांडी, तारीख, गाभण की उलटली, सगळं. आणि आपल्याच दावणीची एक ओळ माझ्या हातून लिहिली गेली नाही. तुला हरणीबद्दल कधी नीट सांगितलं नाही. आजोबांची गाय. तिच्या पोटचे खोंड पाच गावांत मागून न्यायचे. ७२ च्या दुष्काळात चारा संपला तेव्हा आजोबांनी ती आणि तिची कालवड बाजारात सोडली. मी दाव्याला धरून बरोबर चालत गेलो होतो. ज्यानं घेतली त्याचं गाव मला तेव्हा माहीत होतं. आज आठवत नाही. पाऊस पडल्यावर आजोबा दोन वर्षं तिचा वंश शोधत फिरले, जो तो म्हणायचा हीच हरणीची, आणि कोणाकडे कागद नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर एक चांगलं रक्त गेलं, ते असं.

इथं ट्रॅक्टर आले तशी घोड्यांची किंमत मातीमोल झाली. तरी वाण टिकला, कारण दहा-वीस घरांत घोड्या राहिल्या आणि वह्या राहिल्या. आपल्याकडे शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिलारला भाव आलाय, हे चांगलंच आहे. पण भाव येतो तो बैलाच्या नावाला. गाईला कोणी विचारत नाही. इथल्या प्रत्येक कात्रणात बापाच्या जोडीला आई आहे, तिची आई आहे.

नोंद नसलेल्या घोडीला इथं पुस्तकाचा दरवाजा कायमचा बंद नव्हता. तिला नोंदलेल्याच घोड्याला लावायचं, तिच्या पोरीलाही तसंच, आणि ठरलेल्या पिढ्या पूर्ण झाल्या की वंश पुस्तकात येतो. तेव्हा आपण उशीर केला असं समजू नकोस. तुझ्या खोंडाच्या बापाच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिही. आई मात्र माहीत आहे, तिची आईही. तिथून वंशावळीचे चौकोन आखायला घे.

आणि त्या गिऱ्हाइकाला फोन कर. सौदा मोडला तर मोडू दे. इसार घेतला असशील तर परत दे, पैसे मी ताईकडून पाठवतो.

वरच्या आळीचे तात्या अजून आहेत ना? आपल्या गाईची आजी त्यांच्या दावणीची होती, रंग आणि शिंगाची ठेवण ते सांगतील. त्यांना सकाळी जाऊन भेट, दुपारनंतर त्यांचं ध्यान राहत नाही. माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात दोन कोऱ्या लेजर वह्या आहेत, पुठ्ठ्याच्या. एक घे. तात्यांकडे जाशील तेव्हा बरोबरच ने, घरी येऊन लिहीन म्हणू नकोस.

आईचा आशीर्वाद. शिंगराचं नाव अजून ठरलेलं नाही, म्हातारे मला विचारत होते.

तुझे
अण्णा