खासगी तळ्यांचे सांडवे पावसाआधी मोकळे करा

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मावळ, मुळशी, कर्जत, इगतपुरी या पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांनी ओढे अडवून केलेली तळी आता जागोजागी दिसतात. पाच ते आठ मीटर उंचीचा मातीचा भराव, माथ्यावर फिरायची वाट, कडेने झाडांची रांग, पाण्यात होडी. पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून या बांधांचे मालक आणि बांधाखालच्या वाड्यांमधले रहिवासी यांच्यासाठी हे पत्र.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ यातले बहुतेक बांध विचारातच घेत नाही. १५ मीटरहून उंच धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटरची येतात, पण लांबी, साठा, पूरविसर्ग, अवघड पाया, वेगळी रचना यांपैकी एखाद्या अटीत बसली तरच. सात मीटरच्या बांधाची तपासणी करायला कोणी येणार नाही. ती मालकालाच करावी लागेल.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या वाटेपासून करावी, कारण मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की तो काही तासांत वाहून जातो. एक चौरस किलोमीटर पाणलोट धरा. घाटमाथ्याजवळ तासाला १०० मिलिमीटरची सर आली आणि त्यातले सुमारे सत्तर टक्के पाणी वाहून आले, तर सेकंदाला सुमारे १९ ते २० घनमीटर पाणी येते. सांडव्यावरून एक मीटर उंचीने ते जायला साधारण साडेअकरा मीटर रुंदी लागते. आता मासे जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावली आणि पालापाचोळ्याने ती निम्मी तुंबली, तर तेवढेच पाणी जाण्यासाठी पातळी सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर चढावी लागते. बहुतेक खासगी बांधांना सांडव्याच्या पातळीवर एवढी मोकळी उंची ठेवलेलीच नसते. जाळी काढा. सांडव्यावर बांधलेला छोटा पूल, तळे जास्त भरावे म्हणून रचलेल्या वाळूच्या गोण्या, विटांचा थर, हेही काढा. पाहुण्यांना दोन फूट पाणी कमी दिसले तर काही बिघडत नाही.

हौसेच्या तळ्याने काय होऊ शकते, हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात दिसले. साउथ फोर्कचे मातीचे धरण मुळात कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले, उंची सुमारे २२ मीटर. पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या मासेमारी क्लबने ते घेतले. अँड्र्यू कार्नेगी या क्लबचे सदस्य होते. तळाचे लोखंडी विमोचक (पाणी सोडायचे) नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत, म्हणजे तळे रिकामे करायचा मार्गच उरला नाही. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेऊन रुंद केला. सांडव्यावर माशांसाठी जाळ्या लावल्या. मधला भाग खचून कडांपेक्षा खाली गेला होता. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात पाणी नेमके त्या मधल्या भागावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे गेली. यातली जाळी, खचलेला मध्य आणि बंद नळ आपल्याकडच्या तळ्यांवरही सापडतात.

मध्य खचला आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. गवंड्याची पारदर्शक पाणीनळी घेऊन दर पाच मीटरला माथ्याची पातळी तपासा. मधला भाग कडांपेक्षा थोडा उंचच हवा. जेसीबीने माती ओतून, रोलर न फिरवता केलेले भराव हमखास बसतात. माती २०-२५ सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून दाबायची असते. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा नुसत्या वरून बुजवू नयेत. खणून, ओली माती भरून धुम्मसाने ठोकून दाबावी.

भरावावर निलगिरी, बांबू, सुबाभूळ नको. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्या पोकळीतून पाणी वाट काढते. मोठे झाड खोडमुळासकट काढून खड्डा दाबून भरायचा. मात्र हे काम तळे उतरलेले असताना, उन्हाळ्यातच. भर पावसात मुळे उपटू नयेत. हरळी किंवा वाळा उत्तम. रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजी फुटल्यावर ते खेकड्यांनी पोखरले, अशी चर्चा फार झाली. खेकडे, उंदीर बिळे करतातच; ती वेळेवर दिसावीत म्हणून खालच्या उतारावरचे गवत घोट्याइतकेच ठेवायचे.

पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. तो मोजावा. पायथ्याचे पाणी एका चरात आणून वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते, ते आठवड्यातून एकदा तळ्याच्या पातळीसह वहीत लिहा. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, किंवा काचेच्या बाटलीत धरलेल्या पाण्याच्या तळाशी गाळ बसला, तर आतली माती वाहू लागली आहे. अशा वेळी लोक पाझराच्या तोंडावर चिकणमाती टाकून पाणी बंद करतात. ते घातक आहे. पाणी दुसरीकडून फुटते. आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी असा थर द्या, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल. विमोचक नळाच्या कडेने येणारा पाझर जास्त गंभीर समजावा, कारण नळाच्या बाजूची माती नीट दाबली जात नाही. पानशेत १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हाही भराव खचला होता तो विमोचकाच्या वरच.

विमोचक नसेल किंवा गंजून अडकला असेल, तर सांडव्यावरून १५० मिलिमीटर व्यासाचा एचडीपीई (कडक प्लास्टिकचा) पाइप टाकून वक्रनळी (सायफन) करता येते. चार-पाच मीटरचा उतार मिळाला, तर दिवसाला तीन हजार घनमीटर पाणी सहज निघते, म्हणजे एक हेक्टरचे तळे सुमारे ३० सेंटिमीटर उतरते. बांध धड असेल तर यापेक्षा घाई करू नये; पातळी झपाट्याने उतरली की पाण्याकडचा ओला उतार घसरतो. गढूळ पाझर सुरू झाला असेल, तर मात्र आधी खालची वस्ती हलवा.

तहसीलदारांनी मान्सूनपूर्व बैठकीत ग्रामपंचायतींकडून अशा तळ्यांची यादी मागवावी: उंची, पाण्याचे क्षेत्र, सांडव्याची रुंदी, विमोचक चालतो की नाही, खाली किती घरे आणि रात्री बांधावर असणाऱ्या रखवालदाराचा फोन. एवढी माहिती एका पानावर मावते आणि ती जूनआधी जमवता येते.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे