कानांवरचे हात

प्रिय ताई,

फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात इथल्या डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा मोजला आणि विचारलं, "लहानपण कसं गेलं?" मला हसूच आलं. म्हटलं, चांगलं गेलं. त्याच रात्री शेजारच्या दारात किल्ली फिरली आणि मी अंथरुणात ताठ उठून बसलो. पावलं ऐकत. आपण ऐकायचो तशी, आठवतं? सरळ पडली तर झोपायचं. घासत आली तर तू दिवा घालवून माझ्या कानांवर हात ठेवायचीस.

पुढच्या वेळी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. मग स्वतःही वाचत बसलो. सॅन दिएगोत विन्सेंट फेलिटी नावाचे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करायचे. १९८५ च्या सुमाराला त्यांच्या लक्षात आलं, की वजन छान उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जाताहेत. खोदून विचारलं तर कित्येकांवर लहानपणी अत्याचार झालेले. पुढे त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर रॉबर्ट अँडांनी १७ हजारांवर लोकांना विचारलं: मारहाण, हेळसांड, घरातली दारू. बहुतेक शिकलेले, विमा असलेले लोक हो! १९९८ च्या त्यांच्या पहिल्या लेखात आहे, की असे ४ किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट. हृदयविकारही जास्त. भीती रोजचीच झाली की शरीर पहाऱ्यावरून उतरतच नाही म्हणे.

त्यांची १० प्रश्नांची यादी मी भरली. ४ आले. या आकड्यावरून एकेकट्या माणसाचं भविष्य सांगू नका, असं अँडांनीच नंतर बजावलंय, तेव्हा घाबरू नकोस. पण कानांवर हात ठेवणारं कुणी होतं का, हा प्रश्न त्या यादीत नाहीच. मला तू होतीस. तुझ्या कानांवर कोणाचे हात होते गं? तूही बाराचीच होतीस.

तुझी ती अर्धशिशी, रात्र रात्र जागणं... "मला काय धाड भरलीय" म्हणशील. तरी रक्तदाब मोजून आकडा कळव, आणि डॉक्टरांनी विचारलं तर माझ्यासारखं "चांगलं गेलं" म्हणू नकोस.

बाबा आता नातवाला खांद्यावर घेऊन फिरतात. फोटो बघून बरंही वाटतं आणि आत तुटतंही. पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. आईला दाखवायचं का, ते तू ठरव.

तुझा,
धाकटा