लेडीज डब्यातल्या त्या तिघींना

गेल्या मंगळवारी सकाळी आईला घेऊन डोंबिवलीहून दादरला निघाले. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, आणि डॉक्टरांनी दिलेली वेळ नेमकी गर्दीची. तिघींच्या बाकावर चौथी कशीबशी टेकलेली. "कुठे उतरणार?" असं विचारून जागा आधीच धरून ठेवायची आपल्याकडची रीत, त्या दिवशी कुणी काही विचारलंच नाही. ती चौथीच आधी उठली, "मावशी, बसा" म्हणाली आणि ठाणं, घाटकोपर, कुर्ला करत दादरपर्यंत उभी राहिली. खिडकीतल्या ताईंनी आईला आपली जागा दिली. आमची पिशवी हातोहात रॅकवर गेली, न मागता परतही आली. दारातल्या मुलीने आवाज देऊन वाट करून दिली.

उतरण्याच्या घाईत बोलायचं राहिलं. तुम्हा तिघींचे मनापासून आभार. आई अजून तुमची नावं विचारते.