मन्याला दवाखान्यात पोहोचवणाऱ्या सगळ्यांचे आभार

गेल्या मंगळवारी आमच्या मन्या बोक्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात (प्राण्यांच्या दवाखान्यात) न्यायला ज्यांनी मदत केली, त्यांची नावंही विचारायची राहून गेली. म्हणून इथे जाहीर आभार.

बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत होता, ओरडत होता, पण लघवीचा थेंब नाही. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली की २४ ते ४८ तासांत जिवावर बेततं. आणि हा पिंजरा बघताच कपाटामागे शिरलेला!

समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू आवाज ऐकून वर आल्या. त्यांनी आधी आम्हा सगळ्यांना गप्प केलं. पिंजऱ्याचं वरचं झाकण काढलं, मन्याचाच जुना टॉवेल त्याच्या अंगावर टाकला, मान आणि चारही पाय आत घेऊन घट्ट गुंडाळलं आणि अलगद खालच्या भागात ठेवलं. पोटावर जराही दाब येऊ दिला नाही. काकू, तुमचे उपकार कसे फेडू?

काळीपिवळीवाल्या दादांनी हॉर्न न वाजवता लालबागच्या गर्दीतून गाडी काढली आणि वर पैसे घ्यायलाही तयार नव्हते. रांगेत आमच्या पुढे कुत्र्याला घेऊन उभ्या असलेल्या ताईंनी स्वतःचा नंबर आम्हाला दिला. डॉक्टरांनी लगेच नळी घालून मूत्राशय मोकळं केलं.

मन्या आता बरा आहे, खातोय. काकू, दादा, ताई, मनापासून धन्यवाद. काकू, कधीही घरी या, चहा तर घ्यायलाच हवा.