तक्रार: मुंबई–दुबई प्रवासाचा कालावधी आणि अंतर दोन्ही चुकीचं दाखवल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

आज तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. त्यानंतरच हे लिहायला बसले आहे.

जानेवारीत आईचं मुंबई–दुबई तिकीट तुमच्या ॲपवर काढलं. सुटण्याची वेळ 4.25, पोहोचण्याची 6.05. दोन्ही वेळा स्थानिक, तीच जगभरची रीत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार खालच्या चौकटीची आहे: ‘प्रवासाचा कालावधी 1 तास 40 मिनिटं’. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. प्रवास 3 तास 10 मिनिटांचा. तुमच्या ॲपने नुसती वजाबाकी केली.

मला शंका का आली नाही? कारण शेजारीच अंतर होतं, ‘1040 किमी’. एवढं अंतर पावणेदोन तासांत होतं, हे पटण्यासारखंच आहे. खरं अंतर सुमारे 1930 किलोमीटर. 1040 हा आकडा सागरी मैलांचा, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. तुम्ही एकक न बदलता पुढे ‘किमी’ छापलंत. एका चुकीने दुसरी झाकली.

माझी आई 72 वर्षांची, इन्शुलिनवर आहे. संध्याकाळी साडेसातला तिच्या पोटात अन्न लागतं. पावणेदोन तासांत उतरशील, ताईकडे जाऊन जेव, असं मीच सांगितलं. विमानातलं जेवण नोंदवलं नाही. आपल्या साडेसातला ती अजून हवेतच होती. ‘आता उतरेल, आता उतरेल’ म्हणत तिने काही मागितलंही नाही. हात कापायला लागले, घाम फुटला. शेजारच्या बाईंनी बिस्किटं दिली.

आता आजचा फोन. मी घड्याळांतला फरक सांगितला. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, जाताना वारा साथ देतो, म्हणून लवकर पोहोचतं. येताना वेळ लागतो.” हिवाळ्यात त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि दुबई पश्चिमेला आहे. जाताना तो समोरून येतो! मी म्हटलं, 1930 किलोमीटर 1 तास 40 मिनिटांत म्हणजे ताशी साडेअकराशेच्या वर; प्रवासी विमानं साधारण साडेआठशे-नऊशेने जातात. त्यावर दोन क्षण शांतता. मग, “घरातलं कोणी पहिल्यांदाच विमानाने जातंय का? आईंना सांगा, उतरल्यावर घड्याळ बदलून घ्या.” मी आईच्या साखरेबद्दल बोलत होते आणि मला घड्याळ बदलायला शिकवलं जात होतं. पुढे “अजून काही मदत करू शकतो का?” हेही विचारलं. मुळात मदत केली कुठे होती?

आठ वर्षं आमच्या घरातली सगळी तिकिटं तुमच्याकडेच काढली. नौपाड्यातल्या शेजाऱ्यांनाही मीच तुमचं ॲप घेऊन दिलं, याचं आता वाईट वाटतं.

कालावधी दुरुस्त करा. अंतरही दुरुस्त करा, आज सकाळीसुद्धा तिथे 1040 किमीच होतं. दोन्ही चुका लेखी मान्य करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि ठाण्याच्या ग्राहक आयोगात जाईन.

आईचं परतीचं तिकीटही तुमच्याकडचंच आहे. त्यावर 4 तास 20 मिनिटं दिसताहेत. खरे 2 तास 50 मिनिटं. तिच्या जेवणाची वेळ या वेळी मी स्वतः हिशोब करून ठरवली आहे.

एक ग्राहक, नौपाडा, ठाणे